विश्लेषण : काल 'लागलेल्या' मशीनपुढेच आज गर्दी का?

मांडवीच्या पात्रातील कॅसिनो असो की लास व्हेगासचे एखादे हॉटेल, स्लॉट मशीनच्या दालनात एक दृश्य हमखास दिसते. एका मशीनवर दिवे लुकलुकतात, घंटा वाजू लागते, आजूबाजूच्या माना वळतात. जिंकणारा उठून गेला की रिकाम्या खुर्चीवर दोघांची नजर जाते. एकाला वाटते, हे मशीन आज 'देतेय', पटकन बसून घ्यावे. दुसऱ्याला वाटते, हे आता रिकामे झाले. शेजारचे सकाळपासून नुसते गिळतेय, तेच आता ओकणार. दोघांनी घटना एकच पाहिली, निष्कर्ष मात्र उलटे काढले आणि दोघेही सारखेच चुकले. ही चूक निव्वळ खेळाडूच्या भोळेपणातून होते असे समजणेही बरोबर नाही. मागची जीत लक्षात राहावी आणि मागची हार विसरली जावी, अशीच त्या मशीनची आणि दालनाची मांडणी असते.

मशीनच्या आत काय घडते?

स्लॉट मशीनचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत झाला. चार्ल्स फे या मेकॅनिकने तीन फिरत्या चक्रांचे 'लिबर्टी बेल' बनवले. दांडा ओढायचा, चक्रे फिरायची, थांबतील त्या चित्रांवर नाणी पडायची. त्या काळी 'मशीन भरलेय' किंवा 'रिकामे झालेय' या म्हणण्याला निदान थोडा तरी भौतिक आधार होता. आत स्प्रिंगा होत्या, दातेरी चाके होती, नाण्यांची नळी होती. झीज झाली की एखादे चक्र ठरावीक जागी जास्त वेळा थांबू शकत असे.

आजच्या मशीनमध्ये निकाल चक्र ठरवत नाही. आतल्या चिपवर 'रँडम नंबर जनरेटर' नावाचा प्रोग्राम असतो. कोणी खेळत असो वा नसो, तो सतत आकडे काढत राहतो, सेकंदाला शेकड्यांनी किंवा हजारांनी. खेळाडू बटण दाबतो त्या क्षणी जो आकडा हाती येतो, त्यावरून निकाल ठरतो. त्यानंतर पडद्यावर चक्रे गरगरतात ती आधीच ठरलेला निकाल दाखवण्यासाठी. मागच्या वेळी काय झाले, हे त्या प्रोग्रामला विचारात घ्यायचेच नसते.

कॅसिनोत सर्वाधिक हळहळ ज्या प्रसंगाची होते, त्याचे उत्तर यातच आहे. तासभर खेळून कोणी उठतो, दुसरा येऊन बसतो आणि तिसऱ्याच फेरीत त्याला जॅकपॉट लागतो. 'दोन मिनिटे थांबलो असतो तर तो माझा होता' हा सल मग वर्षानुवर्षे राहतो. प्रत्यक्षात पहिला माणूस बसून राहिला असता तरी त्याने बटण नेमके त्याच क्षणी दाबले असते याची शक्यता जवळपास शून्य. सेकंदाच्या हजाराव्या भागाने जरी वेळ चुकली तरी आकडा वेगळा. जॅकपॉट त्या मशीनमध्ये कोणाची वाट पाहत बसलेला नव्हता.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटने या धंद्याचे गणितच बदलले. समजा, चक्रावर २२ जागा आहेत. तीन चक्रांची मांडणी २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ प्रकारे होऊ शकते. प्रत्येक चक्रावर जॅकपॉटचे एकच चित्र असेल तर शक्यता १०,६४८ मध्ये एक. याहून मोठे बक्षीस ठेवायचे तर चक्र मोठे करावे लागे, आणि मोठे चक्र पाहून गिऱ्हाईक बिचकत असे. टेलनेस यांनी दिसणाऱ्या चक्रामागे चिपमध्ये एक न दिसणारे, जास्त जागांचे चक्र ठेवले. त्यावर ६४ जागा धरल्या तर शक्यता थेट २ लाख ६२ हजार १४४ मध्ये एक होते. डोळ्यांना मात्र तीच २२ चित्रे दिसत राहतात. शिवाय अदृश्य जागांपैकी जास्त जागा जॅकपॉटच्या लगतच्या कोऱ्या घरांना देता येतात. मग 'एका घराने हुकले' हा अनुभव वारंवार येतो. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की असे थोडक्यात हुकणे खेळाडूंना आवडत नाही, तरी पुन्हा खेळण्याची इच्छा त्याने वाढते. मेंदूत जिंकताना जे भाग जागे होतात त्यांतलेच काही यावेळीही जागे होतात.

मग मागची जीत निवडीत शिरते कशी?

जुगाऱ्याच्या तर्कदोषाचे सर्वात गाजलेले उदाहरण माँटे कार्लोचे आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी तिथल्या रूलेच्या चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला. पंधराव्या-सोळाव्या वेळेपासून लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि बुडाले. 'आता तरी लाल येणारच' या तर्काला चक्राकडे उत्तर नव्हते, कारण चक्राला स्मरणशक्ती नव्हती.

ही एक बाजू झाली. याच्या नेमकी उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती टेक्सासच्या लॉटरीत दिसते. जोनाथन गुर्यान आणि मेलिसा कर्नी या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या दुकानातून मोठ्या बक्षिसाचे तिकीट विकले गेले, तिथे पुढच्याच आठवड्यात त्या लॉटरीची विक्री तुलनेने १२ ते ३८ टक्क्यांनी वाढली. दुकानदाराने गल्ल्यावरून तिकीट काढून देण्यापलीकडे काही केले नव्हते. तरी दुकान 'शकुनी' ठरले.

आता मेरिलँड. तिथल्या तीन अंकी लॉटरीवर चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक यांचा १९९३ चा अभ्यास आहे. एखादा आकडा लागला की लगेच त्या आकड्यावर लावले जाणारे पैसे झपाट्याने घटत आणि पूर्ववत व्हायला काही महिने लागत. म्हणजे लागलेले दुकान लोकांना हवेहवेसे आणि लागलेला आकडा नकोसा!

यात विसंगती दिसते, पण मनाच्या हिशेबात ती बसते. आकड्याला स्वभाव नसतो; तो झाकलेल्या भांड्यातून निघतो आणि 'आता दुसऱ्याची पाळी' असे वाटते. दुकानाला, खेळाडूला, खुर्चीला मात्र गुण चिकटवता येतो. स्लॉट मशीन या दोन्हींच्या मधोमध उभे आहे. ते आकडे काढणारे यंत्रही आहे आणि चेहरा, नाव, आवाज, जागा असलेली 'व्यक्ती'ही. त्यामुळे तिथे दोन्ही तर्क एकाच वेळी चालतात. मशीन देत असेल तर 'आज हात चांगला आहे' म्हणून बसून राहायचे. देत नसेल तर 'इतके खाल्लेय, आता देईलच' म्हणून बसून राहायचे. भूतकाळ काहीही असो, सल्ला एकच निघतो : उठू नका. कॅसिनोला याहून जास्त काही नको असते.

हे दोन तर्क एकाच माणसात कसे नांदतात, याची नोंद रेचल क्रोसन आणि जेम्स सुंदाली यांनी रेनोतील एका कॅसिनोच्या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या चित्रणातून केली. रूलेच्या टेबलांवरचे १८ तासांचे चित्रण, १३९ खेळाडू. एकच निकाल सलग पाच किंवा अधिक वेळा आल्यावर लोक त्याच्या विरुद्ध पैसे लावत. आणि स्वतः जिंकल्यावर, हरल्यानंतरच्या तुलनेत, जास्त आकड्यांवर पैसे लावत. चक्राचे नशीब संपते, आपले मात्र चालू राहते, असाच याचा अर्थ.

मागची जीत प्रत्येकाला धाडसी करतेच असेही नाही. जुएमिन शू आणि नायजेल हार्वी यांनी २०१४ मध्ये ऑनलाइन सट्टेबाजांच्या ५ लाख ६५ हजारांहून अधिक पैजा तपासल्या. पहिल्या पैजेत जिंकण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास होते; सलग सहा वेळा जिंकलेल्यांच्या बाबतीत ते ७६ टक्क्यांपर्यंत गेले. नशीब खरेच तापले होते का? नाही. जिंकत गेलेले लोक 'आता हरण्याची पाळी' या धास्तीने कमी मोबदल्याच्या, सुरक्षित पैजा निवडत गेले. हरणारे उलट मोठ्या, दूरच्या पैजांकडे वळले. तर्क चुकीचा, पण त्यातून विजयाची मालिका मात्र खरीखुरी तयार झाली. (मोबदलाही कमी झाल्याने श्रीमंत कोणी झाले नाही, हे वेगळे.) स्लॉट मशीनवर ही पळवाट नसते, तिथे फार तर पैज लहान-मोठी करता येते, जिंकण्याची शक्यता खेळाडूच्या हाती नसते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. १९६०च्या दशकापासून मुंबईत फोफावलेल्या मटक्यात मागच्या आकड्यांचे चार्ट हाच अभ्यासाचा विषय होता. वर्षानुवर्षांचे ओपन-क्लोज एका कागदावर उतरवून त्यातून 'आजचा आकडा' काढणारे जाणकार गल्लोगल्ली होते. चार्टमध्ये काल काय आले याची पक्की माहिती होती. उद्याविषयी त्यात काहीच नव्हते.

'जीत' म्हणायचे तरी कशाला?

इथे प्रश्न अधिक गंभीर होतो. खेळाडू ज्याला मागची जीत म्हणतो, ती पुष्कळदा जीत नसतेच.

जुन्या मशीनवर एकच ओळ असे : तीन चित्रे जुळली तर पैसे, नाही तर नाही. आजच्या मशीनवर वीस, तीस, पन्नास ओळींवर एकाच फेरीत पैसे लावता येतात. समजा, वीस ओळींवर प्रत्येकी एक रुपया लावला. एका ओळीवर सहा रुपये आले, बाकीच्या १९ कोऱ्या गेल्या. हिशेबाने १४ रुपयांचे नुकसान. पण मशीन दिवे लावते, धून वाजवते आणि पडद्यावर '६' झळकवते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे माइक डिक्सन आणि केविन हॅरिगन यांच्या गटाने याला 'विजयाच्या वेशातली हार' असे नाव दिले. २०१० च्या त्यांच्या प्रयोगात खेळाडूंच्या त्वचेवरील सूक्ष्म घामाची विद्युत मोजणी केली, तेव्हा अशा हारीला शरीराने दिलेला प्रतिसाद खऱ्या जितीसारखाच निघाला. खेळ संपल्यावर 'किती वेळा जिंकलात' असे विचारले की लोक खऱ्यापेक्षा बराच मोठा आकडा सांगतात, हेही या गटाच्या पुढच्या अभ्यासांत दिसले. अशा फेऱ्यांना विजयाच्या धूनऐवजी हारीचा आवाज जोडला की अंदाज बराच सुधारला. एवढा साधा बदल. २०१८ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी असेही दाखवले, की या छुप्या हारी खेळाडू कोणता खेळ निवडतो त्यावरही परिणाम करतात.

म्हणजे 'या मशीनवर मागच्या वेळी चांगले लागले होते' ही आठवणच मुळात मशीनने लिहून दिलेली असते. त्यात दालनाची भर. जिंकणारे मशीन आवाज करते. हरणारी शंभर मशीन गप्प असतात. कानावर दिवसभर जितीच पडतात. नताशा डाउ शूल या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने लास व्हेगासच्या यंत्रजुगारावर वर्षानुवर्षे काम करून २०१२ मध्ये 'ॲडिक्शन बाय डिझाइन' हे पुस्तक लिहिले. खुर्चीचा कोन, पडद्याची उंची, आवाजाची पट्टी, कशाकशाचा विचार होतो, हे त्यात येते. तिथल्या अट्टल खेळाडूंना तर जिंकण्यापेक्षा खेळत राहण्यातली ती गुंगीच हवी असते, हे तिचे निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे.

हातात आलेला पैसा कसा वागवला जातो, हाही भाग आहे. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांच्या १९९० च्या अभ्यासानुसार नुकत्याच जिंकलेल्या पैशावर माणूस जास्त जोखीम घेतो, कारण तो त्याला स्वतःचा वाटतच नाही. हरलेल्याला मात्र गेलेले सगळे एका झटक्यात परत देऊ शकणारा पर्याय खुणावतो.

बराच काळ खेळून 'चांगले' मशीन ओळखता येत नाही का?

मशीनमशीनमध्ये फरक असतो, हे खरे आहे. दीर्घकाळात एकूण लावलेल्या पैशांपैकी किती टक्के परत द्यायचे, हे प्रत्येक मशीनच्या गणितात ठरवलेले असते. एक ९५ टक्के देणारे आणि एक ९० टक्के देणारे मशीन शेजारी शेजारी असू शकतात. प्रश्न इतकाच, की खेळाडूला ते जाणवेल का?

थोडे गणित करू. समजा, एका फेरीतला चढउतार, म्हणजे संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन, पैजेच्या दहापट आहे. तासाला ६०० फेऱ्या धरल्या तर तासाभराच्या निकालातला स्वाभाविक चढउतार सुमारे २४५ पैजांइतका होतो. दोन मशीनमधल्या पाच टक्के फरकाने तासाला पडणारे अंतर मात्र फक्त ३० पैजांचे. फरक गोंगाटात पार बुडून जातो. तो ठळकपणे वेगळा दिसायला एकेका मशीनवर लाखो फेऱ्या हव्यात, म्हणजे कित्येकशे तास. इतका वेळ बसणाऱ्याला मशीनची पारख होईलही, पण तोवर खिशात काही उरलेले नसेल.

प्रत्यक्ष पुरावाही हेच सांगतो. नेवाडा विद्यापीठाचे अँथनी लुकास आणि सहकाऱ्यांनी चालू कॅसिनोंमध्ये बाहेरून अगदी एकसारखी, पण आतून वेगवेगळी टक्केवारी असलेली मशीन ठेवून महिनोन्महिने आकडे गोळा केले. जास्त परत देणाऱ्या मशीनकडे खेळाडू हळूहळू सरकतील, अशी धंद्यात जुनी समजूत होती. तसे सरकणे दिसले नाही. कमी परत देणाऱ्या मशीनने कॅसिनोला जास्त कमावून दिले आणि गिऱ्हाईकाला पत्ता लागला नाही.

मागचा हिशेब कुठेच उपयोगी नसतो?

काही ठिकाणी असतो, आणि ते सांगितले नाही तर विश्लेषण अपुरे राहील. ब्रिटनच्या पबमधील काही फळांच्या चित्रांची मशीन 'भरपाई' पद्धतीने चालतात : ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी दिले गेले असेल तर पुढे जास्त देण्याकडे त्यांचा कल वाढतो. अशा मशीनवर निकाल आधीच्या खेळावर अवलंबून असू शकतो, असे लिहिलेले असते. जपानमधील 'पाचिस्लॉट' मशीनला सहा पातळ्या असतात आणि कोणत्या मशीनला कोणती पातळी, हे दालनचालक ठरवतो. तिथे मशीनच्या डोक्यावर आधीच्या फेऱ्यांचा आणि बोनसचा आकडा दाखवणारे यंत्र असते आणि तो पाहून निवड करण्याला खरोखर अर्थ असतो. वाढत जाणाऱ्या जॅकपॉटमध्ये आधीच्या हरलेल्यांचा पैसा साठत असल्याने बक्षिसाची रक्कम वाढते. लागण्याची शक्यता मात्र साधारणपणे तीच राहते.

चौथा अपवाद गुन्ह्याच्या नोंदीतला. संगणकाचा 'रँडम' आकडा हा सूत्राने काढलेला असतो. सूत्र आणि सुरुवातीची स्थिती कळली तर पुढचा आकडा सांगता येतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात काही जण जुन्या मशीनचे मोबाइलवर चित्रण करून रशियातील साथीदारांकडे पाठवत आणि बटण कधी दाबायचे याचा इशारा फोनच्या थरथरण्यातून मिळवत. मागच्या फेऱ्यांतून पुढची फेरी ओळखली ती अशी : उलगडलेल्या सूत्राने आणि दूरच्या संगणकाने. 'आज हे देतेय' या अंदाजाने नव्हे.

कायदा कुठे उभा आहे?

नेवाडाच्या नियमानुसार मशीनने सिद्धान्ततः किमान ७५ टक्के परत दिलेच पाहिजेत. न्यू जर्सीत ही मर्यादा ८३ टक्के आहे. निकाल आधीच्या निकालावर अवलंबून नसावा, असेही नेवाडाच्या नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे 'तापलेले' आणि 'गार' मशीन ही कल्पना तिथे कायद्यानेच बाद केलेली आहे.

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या टेबलांचा मार्ग मोकळा झाला. फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना जुगाराच्या दालनात प्रवेशबंदी आहे, त्यामुळे तिथले गिऱ्हाईक बाहेरचे, त्यात महाराष्ट्रातलेही आले. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. बंदी, परवाना आणि कर यांवर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. मशीन हारीला जितीचा आवाज देते का, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक तो आधी यायला हवा. गोव्यातील परवान्यांच्या अटींत अशा आवाजांना मनाई घालायला मोठी यंत्रणाही लागणार नाही.

टक्केवारी मशीनवर लिहिणे हा नेहमी सुचवला जाणारा उपाय आहे. पण '९२ टक्के परत' हे वाचून हजार घेऊन बसलेला माणूस समजतो, की उठताना ९२० हातात असतील. टक्केवारी आणलेल्या पैशांवर नव्हे, प्रत्येक फेरीत लावलेल्या पैशांवर असते आणि जिंकलेले पुन्हा लावले जातात. वीस रुपयांच्या फेऱ्यांनी, आठ टक्के कपातीने, हजार रुपये सरासरी ६२५ फेऱ्यांत संपतात. म्हणजे साधारण तासाभरात. ब्रिटनमधील फिलिप न्यूऑल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तपासले, की तीच माहिती 'हे मशीन लावलेल्या पैशांपैकी सरासरी इतके टक्के ठेवून घेते' अशा शब्दांत दिली तर लोकांना अधिक नीट कळते आणि जिंकण्याची आशाही कमी वाटते. परवान्याच्या अटीत एका ओळीची भर घातली तर हा मजकूर मांडवीतल्या प्रत्येक मशीनवर लावता येईल. तोवर खेळणे हाताबाहेर गेल्याचे ज्यांना स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या बाबतीत जाणवते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.